पेटलेला नळ

वाशीमला रेल्वे आली त्या साली जानरावने रेल्वेच्या कामावरचा टाकाऊ पत्र्याचा नळ आपल्या गावी रिठदला आणून धूर जायला चुलीवर बसवला. वाळकं सरपण नातीच्या लग्नासाठी राखायचं म्हणून त्याची आई प्रयागबाई सुनेला ओली बाभूळच जाळायला लावी. ओलं लाकूड जास्त पुरतं, असं तिचं म्हणणं.

एका संध्याकाळी नळ घुमू लागला. ओल्या लाकडाच्या धुराने आत साचलेल्या डांबरासारख्या काजळीने पेट घेतला होता. पत्रा लाल झाला आणि भोवतालचं छपराचं गवत धुमसू लागलं. माळ्यावर पेरणीचं बियाणं होतं.

प्रयागबाईने घागर उचलली.

"नळावर पाणी नका टाकू, आत्याबाई, फुटन तो," सून कस्तुराबाई म्हणाली. सारवायला कालवलेलं शेण तिने ओंजळीने चुलीच्या तोंडावर थापलं. चुलीच्या एका फटीतून वारा आत खेचला जात होता, तीही तिने लिंपली. जानरावने आईच्या हातातली घागर घेऊन बाहेरून छपरावर रिकामी केली. घुमणं हळूहळू बसलं.

"आता नळ कायनं झाडतं?" प्रयागबाईने विचारलं.

"बोराटीची फांदी दोरीनं ओढून. आन् उद्यापासून वाळकंच जाळीन."

"मंग लग्नात काय जाळशीन?"

"छप्पर राह्यलं, आत्याबाई. सरपण आणू जंगलातून."

प्रयागबाईने वाळक्या लाकडांचा भारा चुलीपाशी आणून ठेवला.