सत्तावीस नंबरचे दोघे

"यूजीन बार्टोशेक," फादर डीलन यांनी नाव वाचलं. घंटा वाजली, एका मुलीनं मेणबत्ती पेटवली आणि अख्खं चॅपल उभं राहिलं.

यूजीन बार्टोशेकही उभा राहिला. तिसऱ्या बाकावर.

यूजीन ज्यात होता, त्या विद्यापीठाच्या अजिंक्य अमेरिकन फुटबॉल संघाला पन्नास वर्षं झाली होती. मॅचच्या सकाळी चॅपलमध्ये मिस्सेची प्रार्थना, त्यात संघातल्या गेलेल्या गड्यांची नावं, एकेक मेणबत्ती. इथली जुनी रीत.

"कोण गेलं म्हणाले?" शेजारच्या रे हॅनलननं विचारलं. रे पूर्वी मैदानात भिंतीसारखा आडवा उभा राहायचा. आता कानानं गेला होता.

"मी."

"काय सांगतोस! कधी?"

"मार्चमध्ये गेलो असेन."

"कळवायचंस तरी, लेका."

मार्चमध्ये गेला होता डॅनी मॅकगिन्ली. सत्तावीस नंबर, विद्यापीठाचं दैवत. त्याचा पुतळा गेटपाशी आहे, परीक्षेच्या दिवसांत पोरं त्याचा बूट चोळून जातात. यूजीनचाही नंबर सत्तावीसच, तिथंच यादीत घोळ झाला असणार. राखीव पोरांना तेव्हा एखाद्या हिरोचाच नंबर देत, दोघं एकदम मैदानात उतरायचे थोडेच! चार वर्षांत यूजीन एकदाच उतरला, एका गड्याला त्यानं झकास आडवा पाडला, आणि भोंग्यावरून आवाज आला, "शाब्बास, मॅकगिन्ली!"

आज मध्यंतराला सगळ्या जुन्या गड्यांची नावं स्टेडियममध्ये पुकारणार होते. सकाळी निघताना बायको जेनी म्हणाली होती, "आज तरी तुझं नाव घेतील ना रे?" गुडघ्यांमुळे तिला येता येत नव्हतं.

मिस्सा संपल्यावर यूजीन फादरना गाठायला गेला. "फादर, मी जिवंत आहे."

"देवाची कृपा," फादर म्हणाले. "पण बाबा, प्रार्थना तर पोचली. ती परत कशी मागवू? ऑफिस सोमवारी उघडतं, तिथं सांग."

मध्यंतराला कानात वॉकीटॉकी लावलेल्या, संयोजकांपैकी एका मुलीनं त्याचा दंड धरला. "सत्तावीस नंबर? मॅकगिन्ली सर! कुठं होतात? चला, तुम्हाला मधोमध उभं राहायचंय."

"मी तो नव्हे, बाळ. तो गेला."

"मॅकगिन्ली सर भारी विनोदी आहेत, असं आम्हाला सांगितलंच होतं!"

बाजूला डॅनीची बायको मॉरीन उभी होती. यूजीननं तिच्याकडे पाहिलं.

"जा रे," ती म्हणाली. "टाळ्या वाया गेलेल्या डॅनीला खपायच्या नाहीत."

मग भोंगा गरजला, "सत्तावीस नंबर... डॅनी मॅकगिन्ली!" ऐंशी हजार माणसं उठली. बँड वाजला. यूजीननं टोपी काढली. हात वर करावा की नाही, हे त्याला ठरवता येईना, म्हणून तो अर्धाच वर गेला. बाकीच्यांची नावं झाली. बार्टोशेक कुणी म्हटलं नाही. मेलेल्याला मैदानात कोण बोलावणार!

मॅच संपल्यावर तो चॅपलकडे वळला. मेणबत्त्या घरचे लोक घेऊन जातात. सगळ्या गेल्या होत्या, एकच उरली होती, त्याची. मॉरीन तिथं रिकाम्या हातानं उभी होती.

"डॅनीची लावलीच नाही यांनी," ती म्हणाली. "विचारलं तर इथली बाई हसून म्हणाली, तुमचे मिस्टर तर मैदानात आहेत."

यूजीननं मेणबत्ती उचलून तिला दिली. मॉरीननं खालची नावाची चिठ्ठी सोडवली आणि त्याच्या कोटाच्या खिशात सारली. "ही ठेव. पुन्हा लागेलच."

घरी जेनी टीव्हीसमोर धुमसत होती. "मेल्यांनी नेमक्या मध्यंतराला जाहिराती लावल्या! पुकारलं का रे नाव?"

"पुकारलं. घंटा वाजवली. सगळे उभे राहिले."

"काय सांगतोस! सगळे?"

"फादरसुद्धा." त्यानं चिठ्ठी पुढं केली.

जेनीनं चष्मा लावला. चिठ्ठीवर यूजीन बार्टोशेक, आणि नावाआधी एक छोटासा क्रूस, गेलेल्यांच्या नावाआधी काढतात तसा.

"हा कशाला?"

"कॅथलिक विद्यापीठ आहे ना," यूजीन म्हणाला.

जेनीनं एकदा क्रूसाकडं, एकदा त्याच्याकडं पाहिलं. मग काठी टेकत ती फ्रिजपाशी गेली, चिठ्ठी लावली, चुंबक नेमका त्या क्रूसावर बसवला आणि सूप गरम करायला ठेवलं.