भंडारा लावलेलं यंत्र

मी एक जुना, हातात मावणारा संगणक आहे. शहाण्णव साली मला घाटनांदूरला आणलं आणि मेंढ्यांना लस टोचणाऱ्या सिद्धारामच्या गळ्यात अडकवलं.

मित्रांनो, बटण दाबलं की मी लगेच कामाला लागत नाही. आधी माझ्यात कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्राम जागा होतो. तो स्मृती मोजतो, कळा तपासतो, मग बाजूच्या फटीतल्या कार्डावर कार्यप्रणाली शोधतो. ती स्मृतीत उतरली की माझा कारभार हाती घेते. मिनिटभराचंच काम, पण तेवढ्यात माझा जीव नुसता वरखाली होतो.

त्या दिवशी धुळाजीच्या कळपात साथ शिरली होती. निम्म्या मेंढ्यांना टोचून झालं, त्यांच्या कानातल्या बिल्ल्यांचे आकडे माझ्यात नोंदले, आणि माझे सेल संपले. मेंढ्या पुन्हा एकमेकींत मिसळल्या; टोचलेल्या कोणत्या, हे फक्त माझ्यातल्या यादीलाच ठाऊक. लस मोजकी, डब्यातला बर्फ वितळत चाललेला. सिद्धारामने नवे सेल घातले. मी उठलो, स्मृती मोजली, कार्ड शोधलं. कार्ड सापडेना!

त्याने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा पहिल्यापासून मोजणी. मग आणखी एकदा. मला ओरडावंसं वाटत होतं.

"कावून अडलंय साहेब? माझ्या मेंढ्या मरतील की!" धुळाजी रडकुंडीला आला.

त्याची बायको अंजना पुढे आली. तिचा चेहरा उतरला होता. "सकाळी म्याच भंडारा लावलता ह्याला. नवं यंत्र हाय, गुण यावा म्हणून."

सिद्धारामने कार्ड ओढून काढलं. फटीत पिवळी हळद! अंजनाने फुंकर मारली, लुगड्याच्या पदराने कार्ड पुसलं. कार्ड बसलं. सिद्धारामचा अंगठा पुन्हा बटणाकडे निघाला, तशी तिने त्याचं मनगटच धरलं.

"आता दमा की! त्याला नीट उठू द्या."

मोजणी झाली. कार्यप्रणाली सापडली. यादी पडद्यावर आली, तेव्हा मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो. शेवटच्या मेंढीला टोचलं, तेव्हा डब्यात नुसतं गार पाणी उरलं होतं.

पुढच्या फेरीला अंजना भंडारा घेऊन आली. सिद्धारामने घाबरून मला पाठीमागे लपवलं. तिने सरळ त्याच्याच कपाळाला बोट लावलं.

मित्रांनो, यंत्राला जपा. पण आशीर्वाद द्यायचाच असेल, तर यंत्र चालवणाऱ्याला द्या. घाई त्यालाच लई असते.