सतरंजीवरचं प्रभुभोजन

त्या रविवारी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजन होतं, आणि उपासना संपेपर्यंत शांतव्वानं गप्प राहायला हवं होतं.

शांतव्वा ही आमच्या मंडळीतल्या पवित्राची सासू. नेसरीकडची, घरची बोली कानडी. नवरा गेल्यावर, अठ्ठ्याण्णव साली ती लेकाकडं कोल्हापुरात आली. पुढं वयानं तिचं मराठी पुसलं, मग ओळखीची माणसंही. भर उपासनेत ती मोठ्यानं विचारायची, "नमव्व एल्लि?" म्हणजे, आमची आई कुठं आहे? गेल्या महिन्यात प्रार्थनेच्या मध्येच तिनं हाक घातली, तेव्हा चर्चचा कारभार बघणाऱ्या बाळासो पंचांनी पवित्राला बजावलं, पुन्हा असं झालं तर म्हातारीला घरी ठेवायचं.

"घरी कुणाजवळ ठेवू, बाई?" पवित्रा मला म्हणाली. "देवळाचं नाव काढलं की तेवढा पदर सारखा करत्यात. बाकी कशाचीच शुद्ध न्हाय त्यांना."

मी शब्बाथशाळा, म्हणजे चर्चमधल्या मुलांचा रविवारचा वर्ग घेते. आमची मुलं उपासनेत अगदी पुढं, सतरंजीवर बसतात. शांतव्वा त्यांच्यात बसली की निवांत व्हायची. तिनं आई विचारली की मुलं सांगायची, "बरताळ, आज्जी!" येतेय. म्हणून त्या दिवशी मी तिला सतरंजीवरच बसवलं, सहा वर्षांच्या सुवार्ताजवळ. "उत्तर हळू द्यायचं, कानात," असं सगळ्यांना पढवलं आणि मी शेजारच्या बाकावर बसले.

पाळकसाहेबांचा उपदेश झाला. सुवार्ता आज्जीच्या कानाशी पुटपुटत राहिली. माझी नजर दोघींवरून हलत नव्हती.

मग बाळासो येशूच्या आठवणीत खायच्या भाकरीचं ताट घेऊन निघाले. बाकांमधून फिरत सतरंजीपाशी आले आणि वळले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. लहान मुलांना प्रभुभोजन देत नाहीत, त्यामुळं सतरंजीकडं ताट कधी येतच नाही. म्हातारीला गप्प ठेवायच्या नादात मी तिला नेमकं तिथंच बसवलं होतं.

शांतव्वानं हात पुढं केले. तळव्यावर तळवा ठेवून, प्रभुभोजन घेताना धरतात तसे. बाळासो पाठमोरे. तिनं त्यांच्या कोटाचं टोक धरलं.

"नमव्व एल्लि?"

"बरताळ, आज्जी!" सगळी मुलं एका दमात ओरडली.

मागं कुणीतरी फिसकन हसलं. पवित्रा सासूला न्यायला उठली. बाळासो माझ्याकडं वाकले. "काय मांडलंयसा हे, बाई? हिला यातलं काय कळतंय का?"

"हात बघा की त्यांचे," मी म्हणाले.

त्यांनी पाहिलं. मग ताट खाली धरलं. शांतव्वानं तुकडा घेतला, मोडला आणि अर्धा सुवार्ताच्या हातावर ठेवला.

सुवार्तानं माझ्याकडं पाहिलं. मोठं झाल्यावर घ्यायचं, हे मीच तिला शिकवलं होतं. पाळकसाहेब मेजापाशी थबकले होते. पवित्रा मधल्या वाटेत तशीच उभी.

"आण्णा," सुवार्ताच बाळासोंना म्हणाली, "परत देऊ?"

बाळासोंनी ताट बाकावर ठेवलं.

"परत कुठं देतीस?" ते तिच्यापुढं वाकले. "आज्जीनं दिलंय न्हवं? खा." मग पवित्राकडं वळून म्हणाले, "आणि तू बस की खाली. कुठं न्यायचं न्हाय त्यांना."