शेपटीखालचा काटा

दादाला उलटं उडायची भारी हौस, म्हणून त्याच्या ग्लायडरला मी पंखही तसाच दिला. वरून-खालून सारखा, उलटा-सुलटा कसाही उडवा. इंजिन नाही आणि बसायला जागा एकच, कारण कसरतींच्या स्पर्धेत जादा वजन परवडत नाही. "बरं झालं, तुझी कटकट खालीच राहील," असं दादा म्हणाला होता.

शेवटचं काम वजनाचं. दादाला आत बसवून पट्टे आवळले. एक काटा चाकाखाली, एक शेपटीखाली. पायलट पुढे बसतो, त्याच्या भाराने शेपटी हलकी व्हायला हवी. ती माझ्या हिशेबापेक्षा जड भरली. अशी शेपटी घेऊन गिरकी मारली, तर ग्लायडर त्यातून बाहेर यायचं नाव घेत नाही.

माझं डोकं सणकलं. आधी काट्यावर खापर फोडलं, तो बदलला. मग रंगाऱ्याला फैलावर घेतलं. "साहेब, शेपटीला एकच हात दिलाय," तो बिचारा म्हणाला. वहिनी खिडकीशी उभी होती. एरवी आम्हा भावांची फिरकी घेतल्याशिवाय तिला चैन पडत नाही, पण आज ती पाठ फिरवून बाहेर बघत होती.

"शेपटी कापून नवी करतो," मी म्हणालो.

"कापू नकोस. तुझं विमान बरोबर आहे," दादा आतून म्हणाला.

"मग काटा खोटं बोलतो?"

"तोही खरंच बोलतोय."

पट्टे सैल करून त्याने जाड जॅकेटची चेन उघडली. हल्ली उकाड्यातही ते त्याच्या अंगावर असायचं आणि मी त्याला 'हिरो' म्हणून चिडवायचो. आत सदरा नुसता लोंबत होता.

"भाऊजी, ह्यांनी मला शपथ घातली होती," वहिनी म्हणाली. "डॉक्टरांनी हात टेकलेत."

"नाकात शिसं घाल," दादा म्हणाला. "एवढी एक स्पर्धा उडू दे मला."

ग्लायडरच्या नाकात शिशाच्या वड्यांसाठी खाच मीच ठेवली होती, पुढेमागे कुणी किरकोळ अंगाचा पायलट आला तर म्हणून. एकेक वडी मी दादाच्या पायांपुढे बसवत गेलो. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

"जुळलं?"

"जुळलं."

उरलेल्या वड्या मी कपाटात ठेवायला उचलल्या.

"राहू दे इथेच," दादा म्हणाला. "स्पर्धेपर्यंत लागतील."