तेरा-चौदाचं दप्तर

कुपवाडच्या एमआयडीसीत दादासो डुबलांच्या कारखान्यावर कोणी नवखा माणूस आला, की त्याला चहाच्या आधी सरकारची कहाणी ऐकावी लागे. दादासो सैन्यातून सुभेदार होऊन परतलेले, कराडजवळच्या उसाच्या घरातले. भावांनी ऊस सांभाळला आणि यांनी पंपाचे सुटे भाग घडवून जर्मनीला पाठवायला सुरुवात केली. कहाणी अशी, की परदेशी जाणाऱ्या मालावर व्हॅट नसे. पण तो माल घडवायला जे ओतीव लोखंड विकत घ्यायचं, त्यावर व्हॅट भरलेला असे, आणि तो सरकारनं परत द्यायचा असे. २०१३-१४ या एका वर्षाचे असे एक्केचाळीस लाख अडकले होते. खरेदीची मूळ बिलं आणा, अशी कराच्या ऑफिसनं नोटीस काढली. दादासोंनी बिलं जमा केली. ऑफिसनं ती हरवली, आणि वर बिलं दाखवली नाहीत म्हणून अर्ज फेटाळला.

"माझी बिलं गिळली, आन् मलाच इचारत्यात, जेवलास का म्हनून!" असं म्हणून दादासो टेबलावर हात आपटत.

शेजारच्या टेबलावरची, हिशेब सांभाळणारी दीपमाला कोळेकर नेमकी त्याच वेळी कॉम्प्युटरमध्ये डोकं घाली. नऊ वर्षं ती असं डोकं घालत आली होती. कारण ऑफिसनं काहीच हरवलं नव्हतं. बिलं कृष्णा-कोयनेच्या संगमात गेली होती, आणि तिनंच ती स्वतःच्या हातानं ढकलली होती.

डुबलांच्या घरची एक रीत होती. लक्ष्मीपूजनाला वह्या आणि बिलांची दप्तरं लाल खारव्याच्या कापडात बांधून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं. एकदा पुजलेला कागद रद्दीत घालायचा नाही. लक्ष्मी काय किलोवर विकायची का, असं दादासोंच्या आई, सुलाबाई, विचारत. मग आठ वर्षं उलटली, की जुनं दप्तर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कराडला नेऊन संगमात सोडायचं. सीमेवर राहून आलेल्या सुभेदाराचंसुद्धा आईपुढे काही चालत नसे.

२०१६ च्या दिवाळीत २००७-०८ चं, म्हणजे सात-आठ सालचं, दप्तर सोडायचं होतं. नोटीस आलेली म्हणून दीपमालेनं तेरा-चौदाचं दप्तरही कपाटातून खाली काढून ठेवलं होतं. सुलाबाईंना अक्षरओळख नव्हती; लाल दिसलं ते सगळं त्यांनी पाटावर मांडलं, आणि वरच्या चिठ्ठ्यांवर असं भरभरून कुंकू वाहिलं, की साल दिसेनासं झालं. दोन्ही दप्तरांची जाडी सारखी, गाठ दीपमालेच्याच हातची. चिठ्ठीवरचं कुंकू बोटानं पुसलं असतं तर काम भागलं असतं. पण पुजलेलं कुंकू पुसायला तिचा हात धजला नाही. अंदाजानं तिनं एक उचललं आणि म्हातारीला घेऊन कराडची एसटी धरली.

पाण्यात दप्तर लवकर बुडेना. खारव्याचा लाल रंग पाण्यात उतरायला लागला. "बुडंना गं पोरी, जरा ढकल की," सुलाबाई पायरीवरून म्हणाल्या. गुडघाभर पाण्यात उतरून तिनं ते ढकललं आणि हात जोडले.

पंधरा दिवसांनी सुनावणीसाठी तिनं उरलेलं दप्तर उघडलं. आतून सात-आठ सालची बिलं निघाली, तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं. आटपाडीकडच्या मेंढरं राखणाऱ्या ज्ञानू कोळेकराची ही लेक, घरातली पहिली बी.कॉम. तिच्या पगारावर धाकट्या भावाचं कॉलेज चाललेलं. दादासोंनी सहज विचारलं, "बिलं दिलीस का गं त्यास्नी?" आणि ती बोलून गेली, "कालच दिली दादा. आवक टेबलावर. पोच मागनं देतो म्हनले."

एवढंच ती खोटं बोलली. चार दिवसांत लोखंड पुरवणाऱ्या फाउंड्रीकडून बिलांच्या दुसऱ्या प्रती आणून गुपचूप नेऊन द्यायच्या, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. पण ते नोटाबंदीचे दिवस. फाउंड्री बंद पडली ती पडलीच. मालक पुढच्या पावसाळ्यात वारला आणि त्याचे कागद कुठे गेले ते त्याच्या पोरांनाही सांगता येईना. मग दादासोंनी अपील केलं, अपील हरले, वर गेले, तिथंही हरले, आणि शेवटी उच्च न्यायालयात शपथेवर लिहून दिलं, की मूळ बिलं अमुक तारखेला ऑफिसात जमा केली आहेत. ते प्रतिज्ञापत्र टाइप केलं दीपमालेनं. प्रत्येक पायरीवर खरं बोलणं आदल्या पायरीपेक्षा महाग झालं होतं, आणि तिनं प्रत्येक वेळी स्वस्त ते घेतलं. तिची कीव येते, पण तिला माफ करावं असं काही वाटत नाही.

कारण आवक टेबलावर एक माणूस बसत होता. त्याचं नाव तात्याबा. खोटं बोलताना तिला ते नाव माहीत नव्हतं. टेबल तेवढं आठवत होतं, आणि टेबलाला तोंड नसतं. पुढे दादासोंनी तक्रार ठोकली, चौकशी बसली, तेव्हा तिला कळलं, की पूर्वी ती ऑफिसात गेली असताना तिला उभी बघून स्वतःचं स्टूल सरकवून देणारा पांढऱ्या टोपीतला कारकून तोच. पुढच्याच वर्षी तो निवृत्त झाला. चौकशी लोंबकळत राहिली आणि तिच्यासोबत त्याची ग्रॅच्युइटीही.

कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच झालं आणि इतकी वर्षं मुंबईत धूळ खात पडलेली केस तिथे बोर्डावर आली. पहिल्याच तारखेला सरकारी वकिलांनी जुनी आवक नोंदवही पुढे केली. त्या तारखेला डुबलांची नोंद नव्हती. पोच आहे का, कोर्टानं विचारलं. पोच नव्हती. तीन आठवड्यांची मुदत मिळाली. एव्हाना कारखान्यात चाळिसाचे अकरा कामगार उरले होते आणि बँकेची माणसं शेडची मापं घेऊन गेली होती. ते पैसे आले तर कारखाना टिकणार, नाहीतर दिवाळीआधी कुलूप, हे वॉचमनलाही माहीत होतं.

दादासोंचे वकील ऋषिराज हुशार. त्यांनी नोंदवही सोडली आणि माणूस शोधला. बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास तात्याबा स्वतः कारखान्याच्या ऑफिसात येऊन उभे राहिले. त्यांच्या बायकोनं, साळूबाईंनी, त्यांचा दंड धरला होता. तासगावाहून दोघं एसटीनं आली होती. ऋषिराज आधीच येऊन बसले होते, आणि त्यांच्या फायलीत स्टँपपेपर तयार होता.

दादासोंनी नऊ वर्षं या माणसाला घरबसल्या शिव्या घातल्या होत्या. समोर तो असा वाळलेला, दाढीचे खुंट वाढलेला पाहून ते उठले आणि त्यांनी स्वतः खुर्ची ओढली. "बसा," एवढंच म्हणाले.

"सायब, वकीलसायब म्हनले, म्या लिवून द्यायचं," तात्याबा म्हणाले. "देतो. दप्तर माझ्याकडं आलं आन् माझ्याकडनंच गेलं, आसं लिवा. तुमचं पैसं तरी सुटूद्यात."

"तुमाला आठवतंय का पन?" दादासोंनी विचारलं.

"न्हाई आठवत. हितंच तर घोळ हाय." तात्याबा कसंनुसं हसले. "पैल्यांदा म्या लय भांडलो. दप्तर आलंच न्हाई म्हनलं. पन चौकशीत सा-सात डाव इचारलं. घरी येऊन मीच मला इचारायचो. ती पोरगी खोटं कशाला बोलंल? तिचं माझं काय वैर हाय? मंग म्हनलं, माझंच डोस्कं गेलं आसनार. म्हातारपनी जातंच की."

"आवं, आता गॅस बंद केला का न्हाई त्ये बी मला तीनदा इचारत्यात," साळूबाई म्हणाल्या. "कुलूप लावाय देत न्हाई म्या. येकट्याला भाईर सोडत न्हाई. सायब, आमचं धनी आवक वहीत काना-मात्रा चुकू द्यायचं न्हाईत. त्येंचं आसं झालं बगा."

ऋषिराजांनी स्टँपपेपर पुढे सरकवला आणि पेनाचं टोपण काढून दिलं. दीपमालेच्या बोटांखाली की-बोर्ड होता, पण स्क्रीनवर काय आहे ते तिला दिसत नव्हतं. आता फक्त गप्प बसायचं होतं. हा म्हातारा सही करणार, दादांचे पैसे येणार, अकरा घरांच्या चुली चालणार, आणि बिलं पाण्यात गेली तशी ती गोष्टही कायमची जाणार. तिला ते हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं, हेही सांगून टाकायला हवं.

तात्याबांनी पेन हातात घेतलं आणि तिच्याकडे वळून पाहिलं. रागानं नव्हे.

"पोरी, सही करतो म्या. फकस्त येक सांग. दप्तर दिसाय कसं हुतं? कापड कसलं हुतं? न्हाई, म्हंजे आयकल्यावर मला आठवंल तरी. काय बी न आठवता सही कराय कसंतरी हुतंय."

दीपमालेनं की-बोर्डवरचे हात उचलले.

"लाल खारव्याचं हुतं, काका," ती म्हणाली. मग तिचा आवाज फुटला. "पन म्या तुमाला दिलंच न्हाई. कुनालाच दिलं न्हाई. चुकून संगमात सोडलं."

"काय म्हनलीस?" दादासो म्हणाले.

तिनं सगळं सांगितलं. कुंकू, चिठ्ठी, एसटी, पाण्यात उतरलेला रंग. सांगताना ती दादासोंकडे बघत नव्हती, तात्याबांकडेही नाही. टेबलाच्या कडेकडे बघत होती. दादासोंनी मध्ये एकदाच विचारलं, "आईला ठावं हुतं?"

"न्हाई. मोठ्या आईंनी नुसतं ढकल म्हनलं. दप्तर म्याच उचललं हुतं."

सुलाबाईंना जाऊन पाच वर्षं झाली होती. त्यांची राखही त्याच पाण्यात सोडलेली.

ऋषिराज घसा खाकरून म्हणाले, "दादा, हे या खोलीच्या बाहेर जायची गरज नाही. तात्याबा तयार आहेत. सही झाली की..."

"शपथेवर लिवलंय म्या," दादासो म्हणाले. आवाज चढला नव्हता, आणि तेच भयंकर होतं. "वर्दी घालून बावीस वर्षं काढली. खोटी सही केली न्हाई कवा. आन् हितं कोर्टात केली, व्हय? केस मागं घ्या. आन् कोर्टाला जे हाय ते सांगायचं. माझं काय व्हायचं ते हुईल." त्यांनी तात्याबांच्या हातातून पेन काढून घेतलं, स्टँपपेपर उचलला, चार घड्या केल्या आणि खिशात घातला. मग दीपमालेकडे न बघता म्हणाले, "चौकशीच्या ऑफिसला कागद लिव. झालं त्ये समदं. खाली तुझी सही, तिच्याखाली माझी."

"आन् मंग, दादा?"

"मंग घरी जा."

ते उठून शेडमध्ये गेले. काचेतून दिसत होतं, एका बंद मशीनवर हात टेकून ते पाठमोरे उभे होते. कामगारांपैकी कोणी तरी काही विचारायला आला आणि न विचारताच परत गेला.

तात्याबा अजून खुर्चीतच होते. ते साळूबाईंना हळूच म्हणाले, "म्हंजे म्या इसरलो न्हवतो गं."

"न्हाई वो. न्हवता इसरला," साळूबाई म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या.

"आलंच न्हवतं तर नोंद कशी आसंल? बराबर हुतं माझं. वही बराबर हुती." ते हेच चार-पाच वेळा बोलले. दीपमाला उठली, त्यांच्या पायाशी वाकली. त्यांनी पाय मागे घेतले.

दोघं बाहेर पडली. साळूबाईंनी सवयीनं दंड धरायला हात पुढे केला, तसा त्यांनी तो बाजूला सारला आणि ताठ चालायला लागले. उघड्या खिडकीतून दीपमालेला ते फाटकापर्यंत दिसले. गेल्या नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिच्या छातीवरचं काही उतरल्यासारखं झालं. तिनं कागद लावला आणि तारीख टाइप केली.

फाटकाशी तात्याबा थांबले. त्यांनी खिसे चाचपले, मागे वळून कारखान्याकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं. मग साळूबाई पोचेपर्यंत तिथंच उभे राहिले.

"आगं," ते म्हणाले, "आपन येताना पिशवी आनली हुती का गं?"

पिशवी त्यांच्या हातात होती. साळूबाईंनी त्यांचा दंड धरला, आणि या वेळी त्यांनी धरू दिला.