भिंतीवरचा सॅक्सोफोन

बेल्जियममधल्या दिनाँ गावच्या हॉटेलात जेवताना गिस्लेनची नजर भिंतीवरच्या दिव्यावर गेली आणि घास तोंडातच राहिला. तो दिवा म्हणजे एफ पट्टीचा सॅक्सोफोन होता. आता असा कुणी बनवत नाही. आपल्या वादकचौकडीसाठी ती अकरा वर्षं तो शोधत होती. इथे त्याला भोक पाडून वायर ओवली होती.

"कुणी केलं हे?" ती कडाडली.

मालक हसला. "मीच! छान दिसतो ना, मादाम?"

"अहो, सॅक्सोफोनचा शोध लावणारा तुमच्याच गावचा! लाज नाही वाटली?"

"वाजवतंय कोण आता?"

गिस्लेन खुर्चीवर चढली. तिने सॅक्सोफोन उतरवला, वायर उपटली, पर्समधून स्वतःचा माउथपीस काढून बसवला आणि संतापाने फुंकलं. चिरकत का होईना, सूर निघाला. जेवणाऱ्यांच्या माना वळल्या.

"न्या बाई," मालक पुटपुटला.

आभार न मानताच ती बाहेर पडली.