दोघेही गुरुवारचे

माझ्या घरात दोन संगणक आहेत आणि परवापर्यंत त्यांची एकमेकांशी बोलचाल नव्हती. एक अफियाचा, म्हणजे बायकोचा. तो बैठकीच्या कोपऱ्यात असतो आणि हलवायचा तर दोन धट्टेकट्टे शेजारी बोलवावे लागतात. दुसरा माझा, मांडीवर मावणारा. दोघांवरही कारखान्यातली प्रणाली काढून लिनक्स मीच घातलं. ते फुकट मिळतं हे कारण नव्हे. आयुष्यभर वर्तमानपत्रातून सरकारला चिमटे काढल्यावर म्हातारपणी कुणाशी तरी भांडण हवंच असतं, आणि सरकार आता मला ओळख दाखवत नाही.

त्या शुक्रवारी मात्र दोघांना बोलतं करणं भागच होतं. अफियाच्या मावशीला, ऑन्टी सेरवांना, ऐंशी वर्षं पूर्ण झाली होती. रविवारी चर्चमध्ये आभाराची प्रार्थना होती, आणि आमच्या कुमासी शहरात एवढा सोहळा म्हटला की फाटकावर माणसाच्या दुप्पट उंचीचा बॅनर आलाच. बॅनरवाल्याचं अडुम पेठेतलं दुकान संध्याकाळी बंद होणार होतं. तोवर फोटो मिळाला नाही तर त्याच्याकडे ऑन्टींचा एक फोटो तयार होता, कुणाच्या तरी अंत्यविधीच्या जेवणात काढलेला. त्यात ऑन्टी डोळे मिटून बोकडाच्या हाडाशी झुंजत होत्या.

"तो हाडाचा फोटो फाटकावर दिसला," ऑन्टींनी व्हरांड्यातून जाहीर केलं, "तर मी तिथूनच परत फिरेन. देवाने विचारलं तर सांगेन, क्वाबेनाला विचार."

क्वाबेना म्हणजे मी.

चांगला फोटो अफियाच्या संगणकात होता. तरुण ऑन्टी, नवं कापड नेसलेल्या, कापडाच्या धंद्यात घेतलेल्या स्वतःच्या पहिल्या ट्रकला टेकून उभ्या. ट्रक थोडा घाबरलेला दिसतो. हा फोटो माझ्या लॅपटॉपवर आणायचा आणि लॅपटॉप काखेत मारून अडुमला जायचं, एवढंच काम होतं. पेनड्राइव्ह चर्चच्या गायनप्रमुखाने नेला होता, आणि आमच्या गावात उसना दिलेला पेनड्राइव्ह आणि उसनी दिलेली छत्री यांच्याबद्दल भूतकाळातच बोलतात. फोनवरून पाठवला तर बॅनरवाल्याचं म्हणणं, चेहरा उकडलेल्या सुरणासारखा फुगतो.

"काळजीच नको," मी म्हणालो. "घरातल्या घरात, हवेतून येईल."

"ओपानिन," अफिया म्हणाली. ओपानिन म्हणजे वडीलधारा, जाणता पुरुष. ती मला ही पदवी फक्त मी काहीतरी मोडणार असलो की देते. "हवेतून येऊ दे, नाहीतर भुयारातून. चारच्या आत आण."

मी तिच्या संगणकावर फोटोंचं फोल्डर वाटपाला, म्हणजे शेअरिंगला, काढलं. इंटरनेटवरच्या एका विद्वानाने लिहिलं होतं, दोन्हीकडे वाटप चालू करा. मी दोन्हीकडे केलं. मग माझ्या लॅपटॉपवरून दार ठोठावलं. आतून नाव आणि पासवर्ड विचारला. दिला. उत्तर आलं: परवानगी नाही.

"कुणाला परवानगी नाही?" अफियाने विचारलं.

"मला."

"तुझ्याच घरात? शहाणं यंत्र आहे."

पुन्हा वाचलं तेव्हा कळलं की संगणकात शिरायचा पासवर्ड वेगळा आणि वाटपाचा वेगळा. म्हणजे फाटकाची किल्ली वेगळी, स्वयंपाकघराची वेगळी, आणि दोन्ही करणारा लोहार एकच, पण त्याने हे सांगायचं नाही. दोन्ही यंत्रांवर वाटपाचा पासवर्ड घातला. पुन्हा ठोठावलं. दार उघडलं!

फोल्डर रिकामं होतं.

"ट्रक कुठाय माझा?" ऑन्टी एव्हाना केळ्याच्या तिखट तळलेल्या फोडींची पुडी घेऊन माझ्या खांद्यामागे येऊन बसल्या होत्या.

"येतोय, ऑन्टी. रस्त्यात आहे."

"माझा ट्रक कधी रस्त्यात अडकला नाही. तुझ्याकडे येतानाच बरा अडकतो."

मी परीक्षा म्हणून त्या रिकाम्या फोल्डरात एक चिठ्ठी टाकली: 'पोचलो.' फोल्डर बंद केलं, उघडलं. चिठ्ठी तिथेच! मी विजयी मुद्रेने अफियाकडे पाहिलं. ती आपल्या संगणकासमोर गेली, तिने फोल्डर उघडलं, आणि म्हणाली, "इथे ऑन्टी आहेत, ट्रक आहे, आपल्या लग्नाचा केक आहे. तुझी चिठ्ठी नाही."

"असणार. नीट बघ."

"ओपानिन, मी आयुष्यभर सुईणीचं काम केलं. काय आलंय आणि काय नाही, ते मला दिसतं."

मी विद्वानांना प्रश्न टाकला. एकाने विचारलं, कुठली आवृत्ती? दुसरा म्हणाला, हे आधीच विचारून झालंय, शोधा. तिसऱ्याने लिहिलं की त्याच्याकडे सगळं व्यवस्थित चालतं. अशा माणसाला आमच्याकडे मंत्री करतात.

तीन वाजून गेले. ऑन्टींनी फोडी संपवून बोटं पुसली.

"क्वाबेना, तू हाक कुणाला मारतोयस?"

"तिच्या संगणकाला. यावला."

"त्याचं नाव याव?"

"गुरुवारी घरात आला ना. आपल्याकडे नाव वारावरून ठेवतात, मग गुरुवारच्या मुलाचं नाव याव सोडून दुसरं काय असणार? सुरुवातीलाच यंत्राने नाव विचारलं, मी सांगितलं."

"बरं केलंस. आणि हा तुझ्या मांडीवरचा?"

मी मांडीकडे पाहिलं. लॅपटॉपसुद्धा गुरुवारीच आला होता. बाजारातला दुकानदार नवा माल गुरुवारीच उघडतो.

"हासुद्धा याव," मी म्हणालो.

ऑन्टी उठल्या, व्हरांड्याच्या कठड्याशी गेल्या आणि पन्नास वर्षं बाजार हलवलेल्या आवाजात ओरडल्या, "याव!"

समोरचा सुतार रंधा थांबवून बघायला लागला. टॅक्सीतून एक डोकं बाहेर आलं. पलीकडच्या घरातून "आलो, मा!" असं उत्तर आलं, आणि पाठोपाठ एक माणूस दाढीला साबण लावलेला.

"काही नाही, जा रे," ऑन्टी म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "बघ. आता तुझ्या मांडीवरच्याने 'याव' अशी हाक मारली तर आधी कोण ओ देणार? तोच की! घरात दोन याव झाले तर मोठ्याला पानिन म्हणतात, धाकट्याला काक्रा. एवढं तर कोंबड्यांनाही कळतं."

म्हणजे एवढा वेळ मी माझ्याच दारावर टकटक करत होतो, आतून मीच विचारत होतो, कोण आहे, आणि मीच मला परवानगी नाकारत होतो. चिठ्ठीही मीच मला लिहिली होती. तशी ती खरीच होती. मी पोचलोच होतो.

"मग तिच्या यंत्राला काक्रा करतो," मी म्हणालो.

"का म्हणून?" अफिया कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझा आधी आला. तो मोठा. काक्रा तुझा."

मी ऑन्टींकडे पाहिलं. त्या आढ्याकडे पाहत होत्या. न्याय झालेला होता. मी माझ्या लॅपटॉपचं नाव बदलून याव-काक्रा केलं आणि तो बंद करून पुन्हा चालू केला. मग धाकट्याने मोठ्याला हाक मारली. मोठ्याने पासवर्ड विचारला, दार उघडलं, आणि आत ट्रक उभा होता. ट्रकला टेकून ऑन्टी.

"फोटोतला हात कापू नकोस," ऑन्टी पडद्याजवळ वाकून म्हणाल्या. "त्यात घड्याळ आहे."

बॅनरवाला शटर ओढत असताना मी त्याच्या दुकानात शिरलो. रविवारी सकाळी फाटकावर ट्रक, घड्याळ आणि ऑन्टी, सगळं माणसाच्या दुप्पट उंचीचं लागलं. ऑन्टी प्रार्थनेला आत गेल्याच नाहीत. बॅनरखाली खुर्ची टाकून बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधी वर बघायला लावलं. पाद्रीबाबा शेवटी बाहेर येऊन त्यांना आशीर्वाद देऊन गेले.

आता अफियाला नवा फोन घ्यायचा आहे. मी म्हटलं, गुरुवारी जाऊ, नवा माल असतो. ती म्हणते, बुधवारी.